उरलेल्या गोळ्यांचा डबा

पारनेरहून पुण्याची एसटी हलली, तेव्हा आईने खिडकीतून माझ्या मांडीवर एक पुडकं टाकलं. शेंगदाण्याची चटणी असेल असं वाटलं. निघाल्या गोळ्या. तापाच्या, खोकल्याच्या, आणि आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कानदुखीतून उरलेलं अँटिबायोटिकचं अर्धं पाकीट, कात्रीने नीट कापलेलं. "आसू दे. जर्मनीत आजारी पडलीस तर कुनाच्या दारात जाशील?" ती म्हणाली. आबा शेजारी उभे होते, हातात दुधाची रिकामी किटली घेऊन. डोळे पुसायला त्यांना एकच हात मोकळा होता.

आमच्या घरी औषध संपवायची पद्धतच नव्हती. बरं वाटलं की गोळ्या बंद, उरलेल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. डबा फडताळात, तिखटमिठाशेजारी. आळीत कुणाला कणकण आली की त्यातूनच दोन गोळ्या जायच्या. गाईची कास सुजली तर तिच्या औषधातलं उरलेलंही आई जपून ठेवायची. चांगलं औषध टाकणं म्हणजे भाकरी उकिरड्यावर टाकण्यासारखं, असं तिचं मत. तुम्ही गावी असा नाहीतर माझ्यासारखे बाहेर, असा डबा तुमच्याही घरी असेल. नाही म्हणू नका.

इथे जर्मनीतल्या प्रयोगशाळेत येऊन मी नेमकं त्या डब्याच्या विरुद्ध काम धरलं. अर्धवट औषधातून वाचलेले जंतू पुढे त्या औषधाला दाद देईनासे होतात. असे निर्ढावलेले जंतू आम्ही काचेच्या बशीत वाढवतो आणि त्यांवर झिंक ऑक्साइडचे नॅनोकण टाकतो, डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. कण पडतात तिथे जंतू मरतात आणि स्वच्छ गोल कडं उमटतं. व्हिडिओ कॉलवर मी आईला कुपीतली पांढरी पावडर दाखवली. "अंगाऱ्यावानी दिसतीय गं!" ती हरखली. त्याच कॉलवर मी कुरकुरले की घसा सुजला तरी इथला डॉक्टर गोळ्या लिहून देत नाही, गरम पाणी प्या म्हणतो. "आगं बया, गोळ्याच देत न्हाईत? काय मानसं म्हनायची!" मी हसले आणि विसरून गेले.

मग गवत कापताना विळा तिच्या पायाला लागला. तिला शुगर होती. पारनेरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, जखम सुकल्यासारखी झाली आणि पुन्हा चिघळली. नगरच्या दवाखान्यातून आबांचा फोन आला. "डाक्टर म्हनत्यात, आता कुठलंच औषध लागू पडंना." आईने फोन ओढून घेतला. "तुजी ती पावडर पाठव की. तू केलेली हाय, मला गुन येईल."

काय सांगणार होते मी? बशीत जंतू मारणारे कण माणसाच्या पेशींनाही इजा करू शकतात, ते तपासण्यात वर्षं जातात. "आई, ती अजून माणसांना देत नाहीत गं." ती म्हणाली, "बरं. तुजी नोकरी जाईल आसलं काय करू नगं." तिला वाटलं, पोरीला साहेबांची भीती आहे. मी तो गैरसमज दूर केला नाही. पाय कापायचं ठरलं, पण त्याआधीच विष अंगभर पसरलं. मी पोचले तेव्हा राख सावडून झाली होती.

दहाव्यानंतर आबांनी तो डबा माझ्यापुढे ठेवला. "तुज्यासाठी ठिवलंय म्हनली हुती. तिकडं देत न्हाईत ना." वरच पायाच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट होतं. कात्रीने नीट कापलेलं.

त्या अर्ध्या पाकिटानेच घात केला, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. माझा धंदाच असा, की पुराव्याशिवाय बोलता येत नाही. आबांना मी काहीच बोलले नाही. त्यांना एवढंच ठाऊक आहे, की तिने लेकीसाठी काहीतरी मागे ठेवलं.

डबा आता इथे माझ्या स्वयंपाकघरात, तिखटमिठाशेजारी आहे. घरी कधी जाणार, असं कुणी विचारलं की मी त्याच्याकडे बघते. स्वतःच्या तोंडातलं काढून माझ्यासाठी ठेवणारं माणूस जिथे होतं, ते घर. परवा घसा पुन्हा सुजला. मी पाणी गरम करून प्यायले.