मोहाखालचा पाला

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी चंद्रपूरकडच्या एका रानात झाडं मोजायचं काम करत होते. मोठी किती, तरणी किती, यंदाच उगवलेली किती, सगळं मोजायचं. तिथल्या मोहांखाली पहिल्यांदा उभी राहिले आणि अंगावर काटा आला. एकेक झाड दोघींच्या कवेत न मावणारं, आणि मधे काहीच नाही. गुडघ्याएवढं रोप नाही, मनगटाएवढं खोड नाही. सगळी म्हातारीच, ती पडली की मागं काही नाही. वरवर बघणारा म्हणणार, वा, काय झकास जंगल! मला मात्र तिथून पळून जावंसं वाटलं.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. प्रत्येक मोहाखाली जमीन काळी होती. फुलं गळायच्या आधी लोक खालचा पाला पेटवून देतात. साफ जमिनीवर फुलं चटकन दिसतात, वेचायला सोपं जातं. त्या आगीत रोपंही जातात.

‘शाश्वत विकास’ हा शब्द तेव्हा नुकताच सभांमधून मिरवायला लागला होता आणि मला त्याची भारी चीड होती. अहो, रानातून किती नेता यापेक्षा नेलेल्याच्या जागी दुसरं येतंय का ते बघा! हे मी ऐकेल त्याला सांगायचे, न ऐकेल त्यालाही सांगायचे.

मी ज्यांच्याकडे उतरायचे त्या गोंड घरातल्या बाई, साठीच्या, जिभेनं माझ्याहून तिखट. मोहबनाच्या कडेची काही झाडं त्यांच्या घराण्याची. मी त्यांच्या मागं लागले, की यंदा पाला जाळू नका.

“काऊन नाई जाळू?” त्या उसळल्या. “अस्वल आलं तं पाल्यात दिसन कसं? साफ जमिनीवर लांबून दिसते. तुले रोप पायजे, मले माहा जीव पायजे.”

त्यांचं खरंच होतं. मोहफुलांवर अस्वलाचा जीव माणसापेक्षा जास्त. गाल ओरबाडला गेलेला एक माणूस शेजारच्याच घरात राहायचा. तरी मी हट्ट सोडला नाही. शेवटी त्या वैतागल्या. “एक साल नाई जाळत. पण मंग तू बी येशीन माह्यासंगं येचाले.”

गेले. उजाडत होतं. खराट्यानं थोडी जागा झाडून आम्ही वेचत होतो, बाकी पाला तसाच. पलीकडे शेजाऱ्यांची झाडं, खाली नुसती राख. फुलं टपटप पडत होती. मग दुसराच आवाज आला. चर्र. थोडं थांबून पुन्हा चर्र. पाल्यावरून कोणीतरी चालत होतं. मी मान वर केली. रान आरपार मोकळं, झुडूप नाही, खोडंच खोडं, आणि कोणी नाही! आवाज मात्र जवळ येत होता. बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. तेवढ्यात आवाज थांबला.

“गेलं,” मी पुटपुटले.

“गेलं कुठी?” बाई कुजबुजल्या. “राखेत उतरलं असन ते.”

राखेवर पाऊल वाजत नाही. आता ते कुठल्याही खोडाआड असू शकत होतं. आम्ही मोठमोठ्यानं बोलत मागं सरकायला लागलो, काय बोललो देव जाणे. आणि आम्ही जिकडे बघतच नव्हतो त्या बाजूनं, शेजाऱ्याच्या दुसऱ्याच एका मोहाआडून, ते हळूच बाहेर आलं. आमच्याकडे जरा वेळ बघितलं आणि मान घालून फुलं खायला लागलं. टोपल्या तिथंच टाकून आम्ही घर गाठलं.

“पाल्यात आवाज तरी येते,” बाई त्या दिवशी विहिरीवर सगळ्यांना सांगत होत्या. “राखेत अंगावर येईस्तोवर कळत नाई.” त्यानंतर त्यांनी पाला कधी जाळला नाही. माझ्या भाषणांनी जे झालं नाही ते अस्वलानं केलं. राग आला थोडा, पण आनंद जास्त झाला.

काही पावसाळ्यांनी त्यांच्या मोहांखाली रोपं गुडघ्याला लागली. मी येड्यासारखी हसत बाईंना हात धरून तिथं घेऊन गेले. “बघा बाई, आता काळजी नाही!”

त्यांनी एका रोपाच्या पानांवरून हात फिरवला. “याले फुलं कधी येईन?”

“बरीच वर्षं लागतील. तेव्हा तुम्ही नसाल.”

“मंग येचन कोण?”

“तुमचा मुलगा, सून, नातवंडं.”

“पोरगा ऊर्जानगरले गेला ना, तिकडं वीजकेंद्रावर, ठेकेदाराकडं. सून म्हणते, पोराईले रानात नाई धाडत. शेजारचे बी घर बंद करून चालले.” हे सगळं त्या शांतपणे म्हणाल्या. मग पुन्हा विचारलं, “सांग ना, कोण येचन?”

सवयीनं मी मनातल्या मनात गावातली माणसं मोजायला लागले, तरणी किती, यंदा जन्मलेली किती, आणि म्हातारीच तेवढी उरली. भुरभुर पाऊस सुरू झाला होता. समोर ती रोपं हिरवीगार डोलत होती, आणि मला त्यांची भीती वाटली.