नाव पेटली ती कशानं

नानाभाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं ते "सुटले बाई!" फोनवर त्यांचा मुलगा होता. तो म्हणाला, "हो काकू, झोपेतच गेले." शेजारी बसलेल्या बाईंना माझं ते बोलणं खटकलं असावं. खटकू द्या. उन्हाळ्यापासून अंथरुणाला खिळलेला, चमच्यानं पाणी घेणारा माणूस न तळमळता गेला, तर रडायच्या आधी हायसं वाटतंच. रडले मी नंतर, पोटभर रडले. नात्यानं ते माझे धाकटे दीर, पण मी सासरी नांदले ती त्यांच्यामुळं, आणि हे मी कोणासमोरही सांगेन.

माझं लग्न झालं तेव्हा निजामी जाऊन फार वर्षं लोटली नव्हती. माहेर चुडाव्याजवळ, सासर पालमकडं, आणि मधे गोदावरी. आम्ही तिला गंगाच म्हणतो. पूल कुठला आलाय तेव्हा! वऱ्हाड बैलगाड्यांनी घाटावर यायचं आणि लाकडी नावेनं पलीकडं जायचं. नावेत कडबा पसरून आम्ही बायका पुढं बसलो होतो. मागच्या टोकाला सगळं सामान होतं : आहेराच्या पेट्या, भांडी, मांडवातल्या गॅसबत्त्या आणि त्यांच्यासाठी आणलेल्या रॉकेलचा अर्धा डबा. नवी नवरी गंगा ओलांडते तेव्हा मधल्या धारेत गंगेची ओटी भरते आणि दिवा सोडते. मीही द्रोणातला दिवा लावला, हात जोडले आणि पाण्यावर सोडला... आणि मागून ओरडा झाला, "पेटलं! पेटलं!"

कडब्याला आग लागायला कितीसा वेळ लागतो? बघता बघता जाळ माणसाच्या कमरेइतका झाला. सगळं वऱ्हाड पुढच्या टोकाला धावलं, तशी नाव एका अंगाला कलली. नावाडी जिवाच्या आकांतानं ओरडायला लागला, "बसा! बसा खाली, न्हाईतर बुडतो आपण!" आमचे हे, म्हणजे नवरदेव, मुंडावळ्या सावरत उभे. त्यांना हसू नका, कोणाला काही सुचतच नव्हतं. धावला तो एकटा नाना. मिसरूड फुटलेला, दांडगा गडी. त्यानं सगळ्यात आधी रॉकेलचा डबा उचलून लांब पुढं दिला. कोणीतरी कळशीनं पाणी टाकायला गेलं, त्याच्यावर खेकसला, "पाणी नको! रॉकेल सांडलंय, जाळ पसरंल!" मग घोंगडी गंगेत बुचकळून त्यानं जाळावर दाबून धरली आणि आजूबाजूचा कडबा पायानंच पाण्यात लोटला. आग विझली. नुसता काळा धूर राहिला आणि पोरांची रडारड.

मला वाटलं, सुटलो. कसलं काय! सासूबाई उठल्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. माझ्याकडं बोट करून म्हणाल्या, "हिनं दिवा सोडला आन् नाव पेटली. गंगेनं न्हाई घेतला हिचा दिवा. पांढऱ्या पायाची हाय ही. नाव फिरव रे, हिला माहेरी घालून येऊ." नावाड्याचा बांबू पाण्यात तसाच थांबला. माझ्यासोबत पाठराखीण म्हणून आलेली काकू पदरात तोंड घालून रडायला लागली. हळदीच्या अंगानं परत गेलेल्या पोरीचं पुढं काय होतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. माझी एक चुलतबहीण तशी परत आली होती आणि जन्मभर गोठ्यातलं शेण काढत राहिली. बोलणार कोण? हे तर आईपुढं तोंड उघडत नसत.

"आये," नाना म्हणाला, "तिचा दिवा तर तिकडं चाललाय बघ, जळतोय अजून. पेटलं हे मागच्या टोकाला. पेटलं कशानं ते आधी बघू तर दे."

"बघायचं काय त्यात?"

त्यानं ऐकलं नाही. भाजलेल्या हातानं त्यानं ओला कडबा उपसला, जळकं गोणपाट ओढलं, आणि खालून एक मडकं काढलं. आडवं पडलेलं. तोंडाशी राख, आणि तळाला दोन निखारे अजून लाल. त्यानं ते मडकं आईपुढं ठेवलं.

आत्याबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. मडकं त्यांचंच होतं! पलीकडं उतरल्या उतरल्या, गावाची शीव लागायच्या आत पोराची दृष्ट काढायची, म्हणून त्यांनी माझ्या माहेरच्याच चुलीतले निखारे भरून घेतले होते. दृष्ट काढायची ती कोणाला सांगून काढत नाहीत, म्हणून ते वाऱ्याला आणि लोकांच्या नजरेला नको असं गोणपाटाखाली दडवलं होतं. नेमकं रॉकेलच्या झिरपत्या डब्याशेजारी. नाव हलली, मडकं कलंडलं.

शेवटी नावाड्यानंच आत्याबाईंना विचारलं, "मग, नाव फिरवू का?"

"गप की मेल्या!" आत्याबाई म्हणाल्या. "चल घरी. सून दमलीया माझी."

आधी काकू हसली, मग सगळी नावच हसायला लागली. मी मात्र हुंदके देऊन रडले. इतकं मोकळं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं आणि नंतरही क्वचितच वाटलं.

त्या दिवसापासून नानाभाऊजींनी घाटावर लोकांना अगदी नको नको केलं. बिडी काठावर विझवा, गॅसबत्ती रिकामी करून चढवा, चिलीम तर काढूच नका. पुढं एका ठेकेदारानं इंजिनाची नाव आणली, तर हे त्याच्या मागं लागले, टाकी भरताना इंजिन बंद ठेव आणि माणसं खाली उतरव. लोक वैतागायचे. मीही चिडवायची, "भाऊजी, तुम्ही सूर्याला विझवूनच नावेत घ्याल एखाद दिवशी." ते हसायचे. एकदाच गंभीर होऊन म्हणाले, "वैनी, आग लागली की लोक बाईमाणसाकडं बघत्यात. मग खरं कारण तिथंच राहतंय, आन् परत पेटतंय."

चौदाव्याला मी त्यांच्या घरी गेले होते. घर पाहुण्यांनी भरलेलं. त्यांची नवी नातसून, सारिका, चहाचं बघत होती. लग्नाला चार महिनेही झाले नसतील. एकाएकी ओट्यावर भडका उडाला. नानांच्या मुलानं धावत जाऊन आधी सिलेंडर बंद केला, आणि जाळावर झाकण दाबलं. झालं एवढंच. पण सोप्यात बसलेल्या एक लांबच्या मावशी लगेच बोलल्या, "पोरगी घरात आली, म्हातारा गेला. आन् आता हे..."

सारिका मागं सरून भिंतीला टेकली. मी उठायच्या आत माझी जाऊ, नानांची बायको, उठली. नवऱ्याचं दुःख ताजं, रडून डोळे सुजलेले. ती ओट्यापाशी गेली, वाकून शोधलं, आणि जळकं फडकं चिमट्यात धरून मावशींसमोर आणलं.

"हे पेटलं. शेगडीच्या मागं वाळत टाकलेलं. तुमीच टाकलं होतं, मावशी."

मावशींनी पदर सारखा केला. सारिका अजून भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"चहा टाक पुन्हा," मी म्हटलं. "भिऊ नको. नानांच्या घरात आलीस तू."