दाराबाहेर ठेवलेला माझा डबा

माझा डबा, एप्रन आणि छत्री दाराबाहेर चपलांशेजारी ठेवली होती. जाळीच्या दारामागून काकू म्हणाल्या, "आत येऊ नकोस. आठ दिवस सुट्टी घे."

शिवाजी पार्कच्या या घरात मी अकरा वर्षं पोळीभाजी करत होते. काकू पाहुण्यांना सांगायच्या, ही आमच्या घरातलीच.

आदल्या दिवशी परळच्या हॉस्पिटलात माझा पेट स्कॅन झाला होता. छातीतल्या गाठीचा तुकडा तपासून कॅन्सर ठरला होता. तो आणखी कुठे पसरलाय का, ते बघायचं होतं. शिरेत किरणांचं औषध टोचून मला तासभर एका खोलीत एकटीला गप्प बसवलं. टोचणारी मुलगी म्हणाली, "दर दोन तासांनी हे निम्मं होतं. आज लहान मुलं, गरोदर बायका यांच्यापासून लांब राहा. उद्या काही नाही." मी पाळलं. लालबागच्या आमच्या खोलीत नात रडत होती, मी बाहेर गॅलरीत बसून राहिले. तिला घेतलं नाही. काकूंपासून काय लपवायचं, म्हणून त्यांना फोनवर सगळं सांगितलं. तीच माझी चूक.

"काकू, ते कालच उतरलं," मी म्हटलं. "तुम्ही तर कॉलेजात फिजिक्स शिकवायचात."

"मला कळतं गं. पण मनाला नको वाटतं."

माझं डोकंच फिरलं. अडाणी बाई असती तर समजावलं असतं. जिला सगळं कळतं तिला काय समजावणार? त्या घरात माझा कप पहिल्यापासून वेगळा, मोरीवरच्या फळीवर. मी त्याला स्वच्छता म्हणत आले. तेव्हा कुठलं औषध होतं माझ्या अंगात? काकूंचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. इतकी वर्षं मी ते गोड मानून घेतलं.

रिपोर्ट आला. रोग छातीत आणि काखेत, पुढे नाही. मग काकूंचा फोन आला, मी त्यांना रिपोर्ट सांगितला. "सुटलीस बाई. सोमवारपासून ये."

"येणार नाही."

"अगं, आजारपणात काम सोडतेस?"

"हो."

ऑपरेशननंतर पोळ्या लाटायला हात कधी चालेल, डॉक्टर सांगत नाहीत. कामाला नवं घर मिळणं अवघड आहे, मला माहीत आहे. तरी आजार लपवणार नाही. आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून कुणाच्या घरचं काम ठरवणार नाही. आधी मला आत घ्यायचं, मग कामाचं बोलायचं.