सारखी पालेभाजी

पाणी तापवायचा रॉड आज बादलीतून काढला, तर त्यावर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर घट्ट बसलेला. चमच्याने खरवडला, तरी निघेना. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या रक्तवाहिन्यांत असंच कॅल्शियम साचतंय, असं काल डॉक्टर म्हणाले. रक्त पातळ करायची त्यांची गोळी गुठळ्या होऊ देत नाही, म्हणून ती हवीच. पण ती पालेभाजीतल्या 'के' जीवनसत्त्वाला अडवते, आणि त्यामुळे हा थर वाढूही शकतो. मग डॉक्टरांनी सहज विचारलं, "पालेभाजी देताय ना थोडी थोडी?"

मी मान खाली घातली. गोळी सुरू करताना ते म्हणाले होते, "पालेभाजीचं प्रमाण सारखं ठेवा, कमीजास्त नको." मी घरी येऊन जाहीर केलं, "सारखी पालेभाजी नको!" आणि ती बंदच करून टाकली. एकदा तर पाहुण्यांदेखत अण्णांच्या ताटातली मेथी उचलून घेतली. मोठा शहाणा मी! असा थर कानांवरही बसत असावा.

आज डॉक्टरांना विचारून चमचाभर मेथी वाढायला गेलो. अण्णांनी ताटावर हात आडवा धरला.

"नको रे," ते हळूच म्हणाले, "तू ओरडशील."