साडूंचा ज्वालामुखी, माझं हत्ता

माझे साडू पुण्याहून दुबईला आमच्याकडे राहायला आले, तेव्हा ते इंडोनेशियातल्या एका जिवंत ज्वालामुखीवर नुकतेच जाऊन आले होते. म्हणजे पाहुणे दोन आले. चहाला ज्वालामुखी, जेवायला ज्वालामुखी. मी त्यांना समुद्रकाठची मरीना वस्ती दाखवायला नेलं. तेव्हा तिथे इमारतींपेक्षा क्रेन जास्त होत्या. ते म्हणाले, "छान आहे. पण निसर्ग नाही हो तुमच्याकडे."

हे मला लागलं. आमच्या घरात डोंगराचा माणूस मी होतो. लग्नाच्या वेळी सासऱ्यांना माझ्यात आवडलेली एकच गोष्ट म्हणजे मी सह्याद्रीतले किल्ले पालथे घातले होते. त्यानंतर आखातात आलो आणि लिफ्ट बंद असल्याशिवाय काही चढलो नाही, पण पद शाबूत होतं. आता बायको हनुवटीला हात लावून साडूंचं ऐकत होती.

"शुक्रवारी सुट्टी आहे, हत्ताला जाऊ," मी म्हणालो. "डोंगर चढू."

"तू?" बायकोने विचारलं.

"बाबा, यू गेट टायर्ड इन द मॉल," मुलगी म्हणाली.

दोघींनाही घरी ठेवून आम्ही निघालो.

दुबईपासून दीड तासावरच्या हत्ताचे डोंगर काळपट, करपलेले, झाडाचं नाव नाही. साडूंनी एक दगड उचलून त्यावर फुंकर मारली. "ज्वालामुखीचाच. मी ओळखतो." मीही गंभीरपणे मान हलवली. पुढे वाचलं की तो समुद्राच्या तळाखालून वर आलेला खडक आहे. पण त्या दिवशी ज्वालामुखी दोघांच्याही सोयीचा होता.

चढ सुरू झाल्यावर मी सह्याद्रीतलं शहाणपण काढलं. "भाऊ, मळलेली पायवाट सोडायची नाही. ती पाण्याला नेते, नाहीतर वाडीला." पाणी वर मिळेलच म्हणून निम्म्या बाटल्याही मी गाडीत ठेवल्या. आमच्याकडे किल्ल्यावर टाकं असतंच.

पायवाट सुरेख मळलेली होती. ती वळली, अरुंद झाली आणि एका कड्यावर संपली. तिथे शेळ्या उभ्या होत्या. वाट त्यांची होती, आणि त्यांना ना पाण्याला जायचं होतं ना वाडीला. कड्याच्या भेगेतलं एक झुडूप खायचं होतं, ते त्या खात होत्या. एकीने चघळणं थांबवून आमच्याकडे बघितलं.

शिखर अजून तेवढंच लांब होतं आणि पाणी संपत आलं होतं. मी खाली बसलो.

"काय झालं?" साडू म्हणाले.

"काही नाही. नजारा बघतोय."

तेही बसले, जरा घाईनेच. डब्यातली थालीपिठं आम्ही कोरडीच खाल्ली.

"तुम्हाला वर जायचंय का?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही म्हणाल तसं. तुम्ही ज्वालामुखी चढलेले."

साडूंनी शेळीकडे बघत घास गिळला. "अर्ध्यापर्यंत," ते म्हणाले. "पुढे मला दम लागला. बाकीचे वर गेले, मी खाली टपरीवर नूडल्स खाल्ल्या. घरी बोलू नका."

"आणि आजचा हा डोंगर?"

"हे काय, चढलो की आपण. खलास."

'झालं, संपलं' म्हणायला इथे सगळे वापरतात तो अरबी खलास ते दोन दिवसांत शिकले होते. मी बारा वर्षांत इतका चपखल वापरला नव्हता.

उतरताना बराचसा डोंगर आम्ही बसूनच उतरलो. घरी बायकोने माझ्या पँटकडे पाहिलं आणि साडूंना विचारलं, "पोचला का हा वर?"

"अहो, काय वेग यांचा," साडू म्हणाले. "मला थांबवून थांबवून नेलं."

तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती लग्नानंतर पहिल्या वर्षी कधीतरी पाहिली होती. थाटामाटावर, मिरवणाऱ्या माणसांवर आयुष्यभर हसत आलेल्या मी ती नजर निमूटपणे खिशात घातली.

पुढच्या शुक्रवारी अबुधाबीत ओळखीच्यांकडे जेवायला गेलो. साडूंनी ज्वालामुखी काढला. सांगत सांगत विवराच्या कडेपर्यंत आले आणि जरा अडखळले, कारण कड त्यांनी पाहिलीच नव्हती. सगळे थांबले. बायकोही बघत होती.

"भाऊ, ते बुटांचे तळ वितळायला लागले होते, ते सांगा ना," मी म्हणालो.