मैनाबाईचा अर्ज

माह्या मोठ्या बहिणीची, मैनाबाईची, आठवण निघाली की आजही माह्या तळपायाची आग मस्तकात जाते. तिचा राग नाई, तिच्या देराचा, नवऱ्याच्या भावाचा. वामनरावाचा.

घाटंजीजवळच्या त्या घरात मैनाबाई लग्न होऊन गेली, लवकरच नवरा वारला, अन् तेव्हापासून चुलीपुढून उठलीच नाई. घरचे, गडीमाणसं, पाहुणे, समद्यायले रांधून घालायची. पण एक लुगडं पाहिजे तरी देरापुढं हात पसरायचा!

बासष्ट साली यवतमाळच्या एका बोर्डिंगात सैपाकीण पाहिजे होती. मैनाबाई मले म्हणे, "ताने, सोताच्या कमाईचं लुगडं नेसाचं हाय मले." शाळेतले भगवानराव मास्तर अर्ज लिहाले बसले. आधी नोकरी कुठं केली? कुठंच नाई. मास्तर म्हणाले, "राहू द्या. तुम्हाला काय काय येतं ते सांगा."

ती सांगत गेली. शंभर माणसाच्या पंगतीचं वरण-भात, पातोडीची भाजी, उलट्या मडक्यावरचे मांडे, वर्षभराचं धान्य किडू न देणं. मास्तरांनी समदं लिवलं. खाली फक्त तिचं काम पाहिलेल्या माणसाची सही पाहिजे होती.

वामनराव जेवून राह्यला होता. तिच्याच हातची भाजी तोंडात कोंबून म्हणे, "घरचं काम ते काय काम हाय, वयनी? कोणत्याही बाईले येते. मी नाई करत सही."

मेल्या! मी असती तर ताट अंगणात भिरकावलं असतं. मैनाबाईनं कागद कंबरेले खोसला.

आठ दिवसानं पंचायत समितीचे मेंबर जेवाले आले. वामनरावाले त्याइच्यात मिरवाचं होतं. "खा, खा! अशे मांडे जिल्ह्यात कोणाले जमत नाई. आमची वयनी शंभराची पंगत एकटी उठवते!"

मैनाबाई तोच कागद हातात घेऊन आतून आली. डोक्यावर पदर होता, पण आवाज गोठ्यातल्या गड्यानंही ऐकला. "हेच लिवलं हाय याच्यात, भाऊजी. आता म्हणा ना, कोणत्याही बाईले येते! करा सही, नाई तर पुढचा मांडा ताटात पडणार नाई."

मेंबर त्याच्याकडं पाहाले लागले. वामनरावाचं तोंड काळंठिक्कर पडलं. तुपाच्या बोटानंच त्यानं सही केली.

बोर्डिंगचा होकार आला. मैनाबाई पेटी घेऊन निघाली, तर हा दारात आडवा. "अन् आमच्या सैपाकाचं काय, वयनी?"

"अर्ज मागवा," ती म्हणे, अन् मोटारीकडं चालाले लागली.