पत्र्याची भिंत
ओल्या सिमेंटचा वास आला की रोह्याच्या कंपनीतली जुनी शेड आठवते. तिच्या भिंतींचे अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे आम्ही पाणी मारून, न फोडता उतरवत होतो, कारण त्यांची धूळ छातीत बसते. झाडलोट करणारी मावशी म्हणाली, "सायेब, चांगले पत्रे हायेत, फेकता कशाला? माझ्या घराला नुसता काटक्यांचा कूड हाय." मी म्हणालो, "ने गो मावशी." धुळीचं सांगितलं नाही, तिचा खुललेला चेहरा मला उतरवायचा नव्हता. परवा निडीला तिच्या घरी गेलो, तर ती त्याच पत्र्यात कॅलेंडरसाठी खिळा ठोकत होती. पांढरी पूड तिच्या पदरावर सांडत होती. "आत या सायेब, तुमचीच भिंत हाय!" चहा मी अंगणात उभ्यानेच घेतला, आणि धुळीचं तेव्हाही सांगितलं नाही.